मामूंबरोबर जुना ट्रॅक्टर बघताना

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात भाड्याचा ट्रॅक्टर माझ्या सीताफळाच्या बागेत शिरला आणि चार झाडं मोडून बाहेर आला. ड्रायव्हर खाली उतरला, मोडलेल्या फांद्यांकडं बघितलं आणि टोपी मागं सारत म्हणाला, "मॅडम, गाडी मोठी, तुमच्या वळी बारीक. म्या तरी काय करू?"

त्याचं खोटं नव्हतं. ही झाडं माझ्या अब्बांनी लावलेली. बैलांच्या औताचा अंदाज धरून त्यांनी ओळी ठेवल्या होत्या. पुढं बैल गेले, अब्बाही गेले, आणि पुण्यात राहणाऱ्या माझ्या भावानं "आता तूच बघ" म्हणून हात जोडले. तुळजापूर आणि तामलवाडीच्या मधे, नाल्याच्या काठाला आमचं अडीच एकर रान आहे. मी तुळजापुरात हायस्कूलला मराठी शिकवते. नवऱ्याचं मंदिराच्या रस्त्यावर बांगड्यांचं दुकान आहे. मंगळवारी, शुक्रवारी आणि पौर्णिमेला त्याला घास खायला सवड नसते. त्यामुळं शेत बघायचं ते मीच.

अडीच एकरासाठी नवा ट्रॅक्टर घेणं कुणालाच शहाणपणाचं वाटलं नसतं. मला हवा होता जुना, लहान, अरुंद, वीस-पंचवीस वर्षांपूर्वी लोक घेत होते तसला. त्या दिवसापासून मला एका जागी बसवेना. उत्तरपत्रिका तपासताना दर दहा मिनिटांनी हात मोबाईलकडं जायचा. ट्रॅक्टरचे फोटो बघायचे, गाव बघायचं, पुन्हा पेपर ओढायचा. एका मुलीला दोनदा मार्क दिले आणि एकाला दिलेच नाहीत. नवरा म्हणाला, "तू पेपर तपासतीस का ट्रॅक्टर?"

फोटोत सगळेच सारखे दिसायचे. ताजा लाल रंग, काळे कुळकुळीत टायर, बॉनेटवर झेंडूची माळ. यातला कुठला आतून धड आहे हे सांगू शकणारा माणूस आमच्या घराण्यात एकच होता. माझे मामू.

मामू म्हणजे अम्मीचे थोरले भाऊ, वय एकाहत्तर. नळदुर्ग रस्त्याला चाळीस वर्षं त्यांचं इंजिन दुरुस्तीचं गॅरेज होतं. ते बंद करून त्यांना तीन वर्षं झाली होती. त्यांच्या कानाची ख्याती अशी, की लोक रस्त्यावर ट्रॅक्टर उभा करायचे, मामू गॅरेजमधून बाहेरही न येता ओरडून सांगायचे, "डिझेलात हवा हाय, पाइप बघ!" लहानपणी आम्हाला ते जादूगारच वाटायचे. मी विचारायला गेले तेव्हा ते दारात खुर्ची टाकून बसले होते. ट्रॅक्टर म्हटल्यावर उठून उभेच राहिले.

"बेटा, दुसऱ्या कुणाला नेऊ नको. मी येतो."

आमच्या घरात आम्ही दखनी बोलतो, पण बाहेर पडलं की मामूंची भाषा आपोआप नळदुर्गी मराठी व्हायची. इथं मी बहुतेक तशीच लिहितेय.

पहिला ट्रॅक्टर बघितला तो सोलापूरच्या अंगाला, द्राक्षाच्या एका गावात. मालक तरणा, गोड बोलणारा. मला बघून त्यानं पहिलं विचारलं, "साहेब नाय आले?" मी म्हणाले, "चालवणार मी आहे." तो हसला आणि पुढचं सगळं मामूंशी बोलला. मीटरवर तास किती कमी पडलेत ते त्यानं तीनदा दाखवलं. मामूंनी मीटरकडं बघितलंही नाही. ते वाकले, मडगार्डच्या आतल्या बाजूला बोट फिरवलं आणि बाहेर काढून मला दाखवलं. बोटावर गंजाचे पापुद्रे होते.

"द्राक्षातली गाडी हाय. औषधानं खाल्लीय. वरून रंग दिलाय."

मग त्यांनी ट्रॅक्टरच्या मागचा दांडा, फवाऱ्याचं यंत्र ज्यावर फिरतं तो, हातानं हलवून दाखवला. खिळखिळा झाला होता. मालकानं अजून बऱ्याच गोष्टी सांगितल्या. आम्ही चहा पिऊन निघालो.

रस्त्याला लागल्यावर मामू खुलले. "गाडीचं बी माणसावानी असतंय. जिथं राबली तिथलं दुखणं घेऊन येती. सोलापूरकडची औषधानं मरती. भूम-परांड्याची दगडानं. लातूरकडच्या काळ्या रानातली चिखलानं, तिचा क्लच आदी बघायचा."

"आणि बॉर्डरपलीकडची, कर्नाटकातली?"

"ती कागदानं," मामू म्हणाले. "गाडी चांगली असती, पर केए बत्तीसचा नंबर यमयेच पंचवीस करता करता माणूस मरतो."

मी हसले. मामूंबरोबर हिंडायला मला बरं वाटत होतं. त्यांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता, खिशात टॉर्च आणि हातात एक लांब स्क्रू-ड्रायव्हर, जुन्या फडक्यात गुंडाळलेला. फक्त एक गोष्ट मला जाणवली आणि मी ती सोडून दिली. चालताना ते सारखे माझ्या उजव्या बाजूला येत होते. मी बाजू बदलली की तेही बदलत.

दुसरा ट्रॅक्टर भूमला. धाराशिवला गाडी बदलून आम्ही पोचलो तर आठवडी बाजार भरलेला. ट्रॅक्टर एका खव्याच्या भट्टीच्या मागं उभा होता. सोलापूरकडं मालक आणि आम्ही असे तिघेच होतो, इथं बघता बघता पंधरा माणसं जमली. कुणी मालकाचा भाऊ, कुणी शेजारी, कुणी नुसताच बाजाराला आलेला. प्रत्येकाचं मत होतं. भूममध्ये कुणी मीटर दाखवला नाही. इथं एकच शब्द सारखा कानावर येत होता, "एकहाती". म्हणजे पहिल्यापासून एकाच मालकाची गाडी. पुढच्या आसाला जोड दिलेला मामूंनी लगेच दाखवला, तर मालक सरळ म्हणाला, "व्हय, मोडला हुता. आमच्या रानात दगुड किती हाय ते बघायला चला." त्याचा हा रोखठोकपणा मला आवडला. मनातल्या मनात मी हा ट्रॅक्टर घेऊनच टाकला होता.

मग इंजिन सुरू केलं.

पहिल्यांदा धूर, मग नेहमीचा धडधडाट. तो एकसारखा झाल्यावर खालून एक वेगळा आवाज यायला लागला. ठक्, ठक्, ठक्. जड. वेग वाढवला की जवळ जवळ येणारा. मी यंत्रातलं काही जाणत नव्हते, पण दवाखान्यात डॉक्टरच्या चेहऱ्याकडं बघतात तसं मी मामूंकडं बघितलं. ते बॉनेटवर हात ठेवून, डोळे बारीक करून उभे होते. मग त्यांनी मान डोलावली आणि मोठ्यानं म्हणाले, "घड्याळ हाय, घड्याळ! एकदम साफ."

गर्दीतला एक म्हातारा खाली बघायला लागला. मालकाच्या भावानं घाईनं इंजिन बंद केलं.

त्या क्षणी मला काय कळलं ते मी स्वतःशीही बोलले नाही. मी एवढंच म्हणाले, "घरी विचारून सांगते."

मामूंचा चेहरा उतरला. एवढ्या माणसांत भाचीनं त्यांचा शब्द खाली पाडला होता. "घरी कुणाला विचारायचंय?" ते म्हणाले. "मी सांगतोय की."

"मामू, चला."

बसमध्ये ते खिडकीबाहेर बघत बसले. कंडक्टर आला. बायकांना अर्धं तिकीट, म्हाताऱ्यांनाही अर्धं, पण वयाचा पुरावा लागतो. त्यानं मामूंना विचारलं, "बाबा, आधारकार्ड?"

मामू म्हणाले, "धाराशिव. दोन."

कंडक्टरनं माझ्याकडं बघितलं. मी त्यांच्या खिशातून कार्ड काढून दाखवलं. मामूंनी खिशाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि पुन्हा खिडकीकडं तोंड केलं.

त्यानंतरचे आठ-दहा दिवस माझे फार वाईट गेले. सुट्टी सरत चालली होती. शाळा उघडली की रविवारशिवाय हिंडता येणार नव्हतं. मी घरभर फिरायची. भांडी घासून झाली की पुन्हा घासायची. संध्याकाळी शेतात जाऊन ओळीतून उगीच एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालायची. मामूंना सांगायचं तर काय सांगायचं? "तुम्हाला ऐकू येत नाही" हे वाक्य मी बऱ्याच वेळा मनात तयार केलं आणि मोडलं. नवऱ्यानं साधा उपाय सांगितला. "सोलापूरचा एखादा मिस्त्री ने. मामूंना सांगू नको."

तेही जमेना. अम्मीचा फोन आला. म्हणाली, "भाईजान रोज सकाळी कपडे करून दारात बसतेत. तू कधी बोलावतीस म्हणून. काय झालंय का?"

"काही नाही," मी म्हणाले.

आणि मग एका सकाळी मामू स्वतःच आले. नळदुर्गहून पहिली बस पकडून. नवरा दुकानात गेला होता. मी चहा ठेवला. मामू स्वयंपाकघराच्या उंबऱ्याजवळ स्टुलावर बसले, माझ्याकडं तोंड करून.

"भूमच्या गाडीत तुला काय ऐकू आलं?"

मी गॅसकडं वळले.

"बोल बेटा. तोंड माझ्याकडं करून बोल."

म्हणजे त्यांना माहीत होतं. मी त्यांच्यासमोर खाली बसले आणि सांगितलं, खालून ठक्ठक् येत होतं.

त्यांनी मान हलवली. चार वर्षं झाली म्हणाले. आधी उजवा गेला, आता डावाही निघालाय. गॅरेज गुडघ्यांमुळं बंद केलं असं सगळ्यांना सांगितलेलं. गुडघे ठीक होते. एका माणसाच्या इंजिनाला त्यांनी ठीक आहे म्हणून सांगितलं आणि ते चौथ्या दिवशी भर रानात जाम झालं. त्या माणसानं गावात कुणाला सांगितलं नाही, यांनाही काही बोलला नाही, फक्त पुन्हा आला नाही. "तो भांडला असता तर बरं झालं असतं," मामू म्हणाले.

"मग माझ्याबरोबर का आलात?"

"तू बोलावलंस म्हणून." मग म्हणाले, "वाटलं, डोळ्यानं आन हातानं भागंल. सोलापूरकडं भागलं बी."

चहा उतू गेला. मी उठून गॅस बंद केला. मागं वळले तर मामूंनी ओट्यावरचं स्टीलचं ताट उचलून मांडीवर पालथं घेतलं होतं. दोन्ही तळवे त्यावर ठेवून म्हणाले, "वाजव. जसं ऐकलंस तसंच वाजव."

मला आधी कळलंच नाही. मग मी मूठ केली आणि ताटावर ठोके दिले. ठक्, ठक्, ठक्. "इंजिन जोरात केल्यावर?" मी ठोके जवळ जवळ दिले. "जड का हलका?" जड. मामू डोळे मिटून तळव्यांनी ऐकत होते.

"बेअरिंग," ते म्हणाले. "खालचं. नशीब म्हण, घेतली न्हाय ते. सगळं इंजिन उतरावं लागलं असतं." मग त्यांनी माझी बोटं धरून मला दुसरा आवाज शिकवला. नखांनी, वरच्यावर, टिक टिक टिक. "हे टॅपेट. वरच्या अंगाला वाजतंय, बांगड्यांवानी. त्याला भ्यायचं न्हाय, पान्यानं तासाभरात बसतंय. बेअरिंग मुसळावानी वाजतंय. तेवढं वळखायला शीक. कान तुझा, बाकी मी बघतो."

त्या दिवशी दुपारपर्यंत आम्ही ताट वाजवत बसलो. नवरा जेवायला आला आणि दारातच थांबला. काय चाललंय ते विचारायचं त्यानं टाळलं.

तिसरा ट्रॅक्टर सीमेपलीकडं होता. उमरग्यावरून पुढं, आळंदच्या अलीकडच्या एका खेड्यात. केए बत्तीस. फोटोत ना माळ होती ना नवा रंग. रंग जागोजाग उडालेला. फोनवरचा मालक निम्मं मराठी, निम्मं कानडी बोलला. एवढंच कळलं की सोमवारी येऊ नका, सोमवारी तो काही विकत नाही.

आम्ही बुधवारी गेलो. मालक मामूंच्याच वयाचे, कपाळावर विभूतीचे पट्टे, धोतर आणि बनियन. मुलगे हैदराबादला नोकरीला. घरात ते आणि त्यांची बायको. "बर्री, कूडरी," म्हणत त्यांनी आम्हाला ओट्यावर बसवलं आणि ट्रॅक्टरचा विषयच काढला नाही. आधी जेवायचं. ज्वारीची कडक भाकरी, शेंगाची चटणी, वांग्याची भाजी. मी घास कसेबसे गिळत होते. माझं लक्ष गोठ्याकडं, जिथं लाल बॉनेटचं टोक दिसत होतं. मामू मात्र निवांत जेवले. नंतर मला म्हणाले, इकडं असंच असतं, रिकाम्या पोटानं व्यवहार करणाऱ्याला हे लोक उतावळा समजतात.

हात धुतल्यावर म्हाताऱ्यांनी पहिला प्रश्न विचारला. मामूंना नाही, मला.

"चालवणार कोण?"

"मी."

ते हसले नाहीत. नवरा कुठाय हेही विचारलं नाही. "मग चालवून दाखवा. विहिरीपर्यंत आन परत. मग बोलू."

अब्बांच्या वेळी शेजाऱ्यांचा ट्रॅक्टर मी चालवला होता, पण त्याला पंधरा वर्षं झाली होती. इंजिन सुरू करण्याआधी मी मामूंना डोळ्यांनी विचारलं. त्यांनी मान हलवली. सुरू केलं. मी बसूनच राहिले आणि ऐकायला लागले. धडधड. खालून काही नाही. वेग वाढवला. खालून काही नाही. पण वर, बॉनेटच्या खाली, बारीक टिक टिक टिक.

मी खाली उतरले आणि सगळ्यांसमोर मामूंच्या मनगटावर नखांनी वाजवून दाखवलं. मामूंनी फडक्यातून स्क्रू-ड्रायव्हर काढला. त्याचं टोक इंजिनच्या वरच्या झाकणावर टेकवलं आणि लाकडी मूठ दातांत घट्ट धरली. असंच ते वेगवेगळ्या जागी टेकवत गेले, वर, मग बाजूला, मग वाकून खाली. कान गेले तरी दातांतून हाडाला आवाज लागतो, हे त्यांनी मला नंतर सांगितलं. गोठ्याशी दोन-तीन बघे जमले होते, ते खुदखुदायला लागले. म्हातारे कानडीत त्यांच्यावर काहीतरी खेकसले आणि ते गप्प झाले.

मामूंनी मूठ दातांतून काढली, धोतराच्या माणसाकडं बघून बोट वर केलं आणि म्हणाले, "टॅपेट."

"हौद," म्हातारे म्हणाले, म्हणजे हो. "दोन वर्षं झाली. बसवणारा कोण न्हाय इकडं."

मग मी चालवला. पहिल्या वळणावर क्लच झटक्यात सोडला आणि इंजिन बंद पडलं. पुन्हा सुरू केला. विहिरीपाशी वळताना एका दगडाला मागचं चाक घासलं. परत येऊन उतरले तेव्हा माझी ओढणी डिझेलनं माखली होती. म्हातारे म्हणाले, "येतंय. पर घाई हाय तुमाला. क्लचला घाई चालत न्हाय."

भाव ठरवायची वेळ आली तेव्हा मला वाटलं, आता मला मधे बसून दुभाषी व्हावं लागेल. मामूंना कानडी येत नव्हतं आणि आता ऐकूही येत नव्हतं. पण म्हाताऱ्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढला, आपल्या उजव्या हातावर टाकला आणि हात पुढं केला. मामूंचा चेहरा एकदम बदलला. त्यांनी आपला हात टॉवेलाखाली सरकवला.

जनावरांच्या बाजारात असा सौदा होतो हे मी लहानपणी बघितलं होतं. टॉवेलाखाली बोटं धरायची, सोडायची, दाबायची. तोंडानं आकडा बोलायचा नाही. दोघं म्हातारे ओट्यावर समोरासमोर बसले आणि एकमेकांच्या डोळ्यांत बघत राहिले. टॉवेल हलायचा, थांबायचा. मामूंनी एकदा नकारार्थी मान हलवली, एकदा हसले. म्हाताऱ्यांनी एकदा हात ओढून घेतल्यासारखं केलं आणि पुन्हा दिला. मला काहीच कळत नव्हतं. माझाच ट्रॅक्टर, माझीच बचत, आणि मी ओट्याच्या पायरीवर बसते, उठते, पुन्हा बसते. म्हाताऱ्यांची बायको माझ्या शेजारी येऊन बसली आणि तिनं माझ्या हातात शेंगांची परडी दिली. मी शेंगा फोडत गेले. एकही खाल्ली नाही.

शेवटी टॉवेल निघाला. मामू उठून माझ्या कानाशी आले आणि आकडा सांगितला. मी मनात धरला होता त्यापेक्षा तो थोडा कमी होता. "टॅपेटचं आन रंगाचं वजा केलंय त्येनी," मामू म्हणाले. कितीतरी दिवसांनी त्यांनी पहिल्यांदा आपल्या जुन्या गॅरेजमधल्या आवाजात हे सांगितलं, आणि तो आवाज इतका मोठा होता की सगळ्या गल्लीनं ऐकला.

मामूंचं कागदाचं भाकीत खरं ठरलं. तिकडच्या आरटीओचा ना हरकत दाखला मिळेना. कधी साहेब रजेवर, कधी इंजिन नंबरातला एक आकडा पुसट. म्हाताऱ्यांनी थोडा विसार घेतला होता, बाकी पैसे कागद आल्याशिवाय घ्यायला ते तयार नव्हते. शाळा सुरू झाली. सगळ्यांची पेरणी झाली. माझ्या ओळीत गवत गुडघ्याला लागलं. मी मधल्या सुट्टीत आळंदला फोन लावायची आणि म्हातारे दर वेळी शांतपणे म्हणायचे, "बरतदरी. येईल." मला तो शांतपणा सोसवत नसे. एक दिवस मी चिडून म्हणाले, "दुसरं कुणी गिऱ्हाईक आलं तर देऊन टाकाल तुम्ही!" मग ते म्हणाले, "बाई, टॉवेल टाकलाय मी."

मला फार लाज वाटली.

दाखला आला तेव्हा श्रावण लागला होता. पिकअपमध्ये घालून आणावा असं नवऱ्याचं म्हणणं. मामूंना ते पटलं नाही. चालवत आणला तर वाटेत ओळख होते, त्यांचं म्हणणं. आदल्या दिवशी जाऊन त्यांनी तिथंच टॅपेट बसवलं. मी वर पाना धरून ऐकत होते आणि ते स्क्रू फिरवत होते. सकाळी उजाडताच निघालो. मी स्टिअरिंगवर, मामू मडगार्डवर. म्हाताऱ्यांनी बॉनेटवर विभूती लावली आणि घरात निघून गेले. आम्ही गावाबाहेर पडेपर्यंत ते पुन्हा बाहेर आले नाहीत. त्यांची बायको तेवढी वेशीपर्यंत आली.

उमरग्याच्या पुढं हायवेला ट्रक अंगावर येत होते आणि आमचा वेग सायकलीचा. नळदुर्गच्या अलीकडं मामूंनी माझ्या खांद्यावर थाप मारली. "थांब. जळतंय काहीतरी." मला वासही आला नव्हता, आवाजही नाही. बाजूला घेतला. पंख्याचा पट्टा ढिला होऊन घासत होता, इंजिनचा काटा तांबड्याला टेकत आला होता. मामूंनी रस्त्याकडेला बसून पट्टा ताणला, नळदुर्गच्या ओळखीच्या हॉटेलातून पाणी मागवलं आणि हॉटेलवाल्याला, त्याच्या गिऱ्हाइकांना, पंक्चरवाल्याला, सगळ्यांना सांगितलं की ही माझ्या भाचीची गाडी आहे आणि हिचा आवाज तिनं स्वतः पास केलाय. "मला आता ऐकू येत न्हाय," हेही त्यांनी त्याच दमात सांगून टाकलं. लोक गडबडले. मामूंनी चहा मागवला.

शेतात पोचायला दिवस मावळला. अंगातला धक्का दोन दिवस जिरला नाही. झोपले तरी पलंग हलतोय असं वाटायचं. पहिल्या रविवारी मी ओळीतून कुळव घातला. ट्रॅक्टर फांद्यांच्या खालून अलगद गेला. एक झाड मी माझ्या हातानंच खरडलं, ते माझ्या घाईमुळं. त्या वर्षी फळ बरं आलं, फार नाही. पासिंगचं काम अजून अर्धंच झालंय; नंबर अजून केए बत्तीसच आहे आणि रस्त्यात कुणीही अडवून विचारतं, "कर्नाटकातनं आणला का?"

मामूंना आम्ही सोलापूरहून कानाचं मशीन आणून दिलं. ते लग्नकार्यात घालतात. एरवी खिशात. म्हणतात, सगळेच आवाज एका मापानं आत येतात, कुठला घ्यायचा ते कळत नाही. पण दर पंधरवड्याला ते येतात आणि इंजिनवर हात ठेवून मला विचारतात, "काय म्हणतंय?" मी त्यांच्या मनगटावर वाजवून सांगते. कधी चुकते, मग ते स्क्रू-ड्रायव्हर दातांत धरतात.

दसऱ्याला आळंदहून फोन आला. म्हाताऱ्यांना विचारायचं होतं, गाडी धुतली का. मी म्हणाले, धुतली, नवऱ्यानं हारही घातला. ते म्हणाले, "सुरू करा. ऐकू द्या." मी शेतातच होते. इंजिन सुरू केलं आणि फोन बॉनेटजवळ धरला. बराच वेळ धरून ठेवला. मग फोन कानाला लावला तर पलीकडं त्यांची बायको कानडीत काहीतरी विचारत होती आणि ते मराठी करून सांगत होते.

"ती इचारती, रोज चालवता का?"

"काम असंल तेव्हाच."

"तसं नका करू. काम नसलं तरी सुरू करून जरा फिरवून आणा. उभी ऱ्हायली की आजारी पडती ती."

तेव्हापासून दर रविवारी सकाळी, काम असो नसो, मी शेतात जाते. ट्रॅक्टर सुरू करते, नाल्यापर्यंत नेते आणि परत आणते. नवरा म्हणतो, यात डिझेल फुकट जातं. जात असेल.